कुत्रं देताना घर बघणारा गुंडप्पा

देवाची भांडी कालपासून मोरीत तशीच पडलीत. चिंचेचा कोळ लावून तांब्या घासायला घेतला होता, तो अर्धा लखलखीत, अर्धा काळा. पळी-पंचपात्राला हातही लागला नव्हता. काल सोमवार म्हणून मी पहाटेच बसले होते. तेवढ्यात मागच्या दारानं रईसा आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलींचं वसतिगृह आहे, गुंडप्पा तिथला वॉचमन. तिथंच रईसा पोळ्या लाटते. जाता-येता माझ्याशी चार शब्द बोलल्याशिवाय तिचा दिवस जात नाही. काल मीच आधी विचारलं.

"काय गं?"

"गुंडप्पा गेला ताई. रातीच गेला, सरकारी दवाखान्यात. पुतण्या आला अन् गावाकडं घेऊन गेला. तिकडंच माती देणार म्हणे."

मी 'शिवा शिवा' म्हटलं. हात चिंचेनं भरलेले, जोडताही येईनात.

"आणि भिंगरी?"

"तिच्यासाठीच आले. मॅनेजरनं गेटला बांधलीय. सांजच्याला दोघं जण पोतं घेऊन येणार, हायवेच्या पलीकडं सोडणार म्हणतो. तिला एका डोळ्यानं दिसत न्हाई ताई. एक ट्रक बास हाय."

"मग तूच का नेत नाहीस?"

"एक खोली माझी, त्यातच नमाजची जागा. आमच्यात कुत्रं घरात घेत न्हाईत. दाराभाईर रोटी टाकतेच की मी. अन् तुमी? फोटोत दत्ताच्या पायाजवळ बसलेल्या चारींना रोज गंध लावता, पाचवी जड होती का?"

"रईसा, त्यानं मला एकदा नाही म्हटलंय."

"ठावं हाय. तरी परवा डबा घेऊन गेले तवा तुमचंच नाव घेतलं त्यानं. म्हणाला, ताईला विचार. पर आधी हे विचार, कशासाठी पायजे."

हा प्रश्न गुंडप्पा सगळ्यांनाच विचारायचा. तो कुठून आला ते लिहायचं तर भूकंपापासून लिहायला हवं.

गुंडप्पा किल्लारीच्या पलीकडचा, तेरणेकाठच्या गावचा. हातभर रुंद भिंतींचं दगडमातीचं घर, वर माळवद. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. पहाटे त्याची काळी कुत्री भुंकायला लागली, तो बाहेर आला, आणि त्याच्या मागं घर बसलं. बायको आणि दोन लेकरं आत होती. लातूरपर्यंत गोष्ट आली ती अशी, की कुत्रीला आधी कळलं आणि तिनं मालकाला वाचवलं.

मग पत्र्याच्या शेडमध्ये काळी व्याली. तेव्हा धक्के थांबले नव्हते. ताट हाललं तरी माणसं लेकरं उचलून बाहेर पळायची. 'सांगणाऱ्या' कुत्रीची पिल्लं म्हणून लोक डोळे उघडायच्या आत त्यांच्यावर हक्क सांगायला आले. गुंडप्पा ज्याला त्याला सांगत राहिला, "अरे, ती रोजच भुंकायची. मांजर दिसलं की भुंकायची, बँड वाजला की भुंकायची." कुणी ऐकलं नाही. निदान पिल्लांना घर मिळतंय, असा विचार करून त्यानं ती दिली.

पिल्लू आईवेगळं झालं की रडतंच. ते रडलं की शेडमधली माणसं पावसात बाहेर येऊन उभी राहायची. दोन-चारदा असं झालं आणि मार सुरू झाला. काही पिल्लं रडणारी नव्हती, ती खरोखरीचा धक्का बसला तरी झोपून राहिली. त्यांनाही मार. एकाला खांबाला बांधून घरचे पाहुण्यांकडे निघून गेले होते. एकाचं तोंड सुतळीनं आवळलं होतं.

गुंडप्पा शेड-शेड फिरला. भांडला नाही. "माझं दिलेलं, मी नेतो," म्हणायचा आणि उचलायचा. तोंड बांधलेलं पिल्लू त्याच्या हातातच गेलं. एक मात्र त्यानं आणलं नाही. त्या घरी एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पिल्लू तिच्या पायावर झोपलेलं. म्हातारीनं पाय हालवला की ते वर बघायचं आणि परत झोपायचं. गुंडप्पा तिथं बराच वेळ बसला आणि रिकाम्या हातानं परत आला. पुढं सुतळीची गोष्ट त्यानं एकदाच सांगितली. म्हातारीची मात्र दहा वेळा सांगायचा.

पुनर्वसनाच्या नव्या गावात त्याला घर मिळालं. त्यानं ते उघडून बघितलं आणि कुलूप लावलं. काळीला आणि राहिलेल्यांना घेऊन लातूरला आला आणि गल्लीच्या टोकाला वॉचमन झाला. तेव्हा तिथं दोनच इमारती होत्या, मागं ज्वारी असायची. आता कुठून कुठून लेकरं येतात, चाकूर, देगलूर, अर्धापूर. जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या. मालकानं त्याला स्लॅबची केबिन दिली होती. तो तिच्यात कधी झोपला नाही. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद अंगावर ओढून गेटजवळ पडून राहायचा.

गल्लीत कुत्री व्याली की लोक पिल्लू मागायला त्याच्याकडं यायचे. तो आधी घर बघायला जायचा. लेकीची सोयरीक बघायला जावं तसा, धुतलेला सदरा घालून. पाणी प्यायचा आणि विचारायचा: दिवसा घरी कोण असतंय? गावाला गेलात तर खायला कोण घालणार? सुई टोचायला दवाखान्यात कोण नेणार? लेकरू मोठं झालं, त्याचं मन उडालं, मग? दिल्यावरही न सांगता जाऊन बघायचा आणि नीट नसेल तर परत आणायचा.

लोक चिडवायचे. "गुंडप्पा, पोरगी देऊलालास का कुत्रं?"

"पोरगी फोन करून सांगती, बाबा, मला न्या. हिला कुठं बोलता येतंय?"

क्लासच्या पोरींना त्यानं कधीच पिल्लू दिलं नाही. जुलै महिन्यात नव्या पोरी यायच्या, घरची आठवण काढून रडायच्या आणि त्याच्या मागं लागायच्या, "काका, द्या ना एक." तो म्हणायचा, "मे महिन्यात तुमी गाडीत बसून जाल. ती कुठं जाईल?" तरी एकीनं दप्तरात घालून पिल्लू आणलंच. तीच भिंगरी. सगळ्या मजल्यानं तिचे लाड केले. पोरीचा नंबर लागला, ती डॉक्टर व्हायला नांदेडला गेली. जाताना गेटवर भिंगरीच्या गळ्यात पडून रडली ते मी बघितलंय. गाडी गेली, भिंगरी गेटवरच राहिली.

आता आमच्या घरचं. माझ्या सासूबाई, केवळाबाई, भूकंपापासून छताखाली झोपलेल्या नाहीत. त्यांचं माहेर त्यात गेलं, भाऊ, भावजय, सगळी. बारा-तेरा वर्षं झाली, त्यांची खाट अंगणातच. गुंडप्पाची गोष्ट त्यांच्या कानावर आली तेव्हापासून त्यांनी धोशा लावला, आपल्याला तसलं कुत्रं पाहिजे. म्हणून मी गुंडप्पाला बोलावलं. तो धुतला सदरा घालून आला. अंगण बघितलं, सावली कुठं पडते ते विचारलं. मी सगळी उत्तरं दिली. चहा दिला. जमतंय असं वाटत होतं, तेवढ्यात आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "तसलीच दे बाबा. आधी सांगणारी. तुला तिनंच वाचवलं न्हवं?"

त्यानं कप खाली ठेवला.

"अव्वा, मी तिला मारायला उठलो होतो."

"आँ?"

"रोज भुंकायची. त्या राती गणपतीपुढं नाचून आलो होतो, लई थकलो होतो. बायको म्हणाली, ऱ्हाऊ द्या, मुकं जनावर हाय. म्या ऐकलं न्हाई. चप्पल घेतली अन् भाईर आलो, हाणायला. चप्पल हातातच हुती. बायकोनं तिला कधी हाणलं न्हाई. ती घरातच ऱ्हायली."

तो उठला. दारात माझ्याकडं वळून म्हणाला, "राग मानू नका ताई. सांगणारी कुत्री माझ्यापाशी न्हाई."

चहा तसाच राहिला. आत्याबाई म्हणाल्या, "द्यायची न्हाई म्हणून खोटं बोलला मेला." त्यांना ते कधी पटलंच नाही. मीही बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग एकदा गेटवरून जाताना भिंगरीला भाकरी टाकली, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

काल मी हात धुतले आणि रईसाबरोबर गेले. मॅनेजर खुर्ची टाकून गेटवरच बसला होता.

"काकू, तुमी कशाला यात पडता? पोरींची सीईटी तोंडावर आलीय. म्हातारा दवाखान्यात गेल्यापासून ही रडूलालीय. पालकांचे फोनवर फोन. एक आई म्हणाली, जिथं कुत्रं रडतंय तिथं माझी पोरगी कशी ठेवू?"

रईसा म्हणाली, "सायेब, पोरी बी जिन्यात बसून रोज रडतात. त्यांना बी पोत्यात घालता का?"

"तू पोळ्या बघ!" मग माझ्याकडं बघून, "न्या खुशाल. पर परत हितं आली तर मला सांगायला यायचं न्हाई. पोतं तयार हाय."

भिंगरीला तारेनं बांधलं होतं, इतकं आखूड की तिला बसताही येत नव्हतं. मी तोवर कुत्र्याला कधी हात लावला नव्हता. पूजेचं घर आमचं. तार सोडवताना बोट कापलं. तार निघाली तरी ती जागची हालेना. रईसानं केबिनमागून गुंडप्पाची घोंगडी आणली आणि पुढं चालायला लागली, तेव्हा ती घोंगडीच्या मागं निघाली.

अंगणात पाय टाकला तशा आत्याबाई खाटेवर उठून बसल्या. त्यांचं तोंड असं उजळलेलं मी कैक वर्षांत बघितलं नव्हतं.

"आणलीस गं सुकन्या! तीच न्हवं? सांगणारी?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्यांनी आपल्या वाटीतलं दूध तिला दिलं असतं. जिभेवर आलंही होतं. सुतळी आठवली.

"नाही आत्याबाई. ही काही सांगत नाही. म्हातारी झालीय, एक डोळा गेलाय. भुंकेल, रडेल."

"मग कशासाठी आणलीस?"

"कशासाठी नाही. राहायला."

त्यांनी "ह्यॅ!" म्हणून तोंड भिंतीकडं केलं.

दिवेलागणीला मी समई लावत होते. भिंगरीनं मान वर केली आणि गळा काढला. आत्याबाई खाटेवरून उडी मारल्यासारख्या उतरल्या आणि अंगणाच्या मधोमध उभ्या राहून ओरडायला लागल्या, "भाईर या! समदे भाईर या! सुकन्या, पोरांना बोलव!" वरच्या खोलीत क्लासची दोन पोरं राहतात, ती पुस्तकं हातात घेऊनच जिना उतरली. आमचे हे न्हाणीतून ओल्या पंच्यानिशी आले. सगळे अंगणात उभे. काही झालं नाही. दोरीवरचे कपडेही हालले नाहीत. एक पोरगा फिसकन हसला.

"सकाळी हिला सोडून ये," हे म्हणाले. "पोरांची परीक्षा हाय. हिला जागा राहिली न्हाई का दुसरी?"

आत्याबाईंनी खाली वाकून चप्पल उचलली आणि भिंगरीवर उगारली. मी त्यांचं मनगट धरलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांना असा हात लावला नव्हता.

"आत्याबाई, चप्पल ठेवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग चपलेकडं. ती हातातून गळाली आणि त्या खाली मातीतच बसून रडायला लागल्या, भावाचं नाव घेऊन. एवढ्या वर्षांत त्या त्याच्यासाठी मोठ्यानं रडल्या नव्हत्या. भिंगरी घोंगडीवर गप्प होती. रात्री कुणी जेवलं नाही.

आज सकाळी घोंगडी रिकामी. कुंपणाची भिंत आमची कंबरेएवढीच. मी आंघोळही न करता घोंगडी घेऊन गेटवर पळाले. मॅनेजर पोतं झटकत होता, भिंगरी त्याच्या पुढ्यातच बसलेली, रस्त्याकडं तोंड करून.

"म्हटलं होतं ना काकू?"

"माझी आहे. मी नेते," मी म्हटलं. यावेळी घोंगडी दाखवून ती आली नाही. उचलून आणली. अंगाला वास येत होता तिच्या, आणि फासळ्या हाताला लागत होत्या.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, मी हिला सोडणार नाही, आणि ती रोज जाईल तर मी रोज आणेन. त्यांनी चूळ भरली आणि ते दुकानाला गेले. आत्याबाईंनी खाट दुसऱ्या कोपऱ्यात ओढायला लावली. "माझ्यापासून लांब ठेव तिला," एवढंच म्हणाल्या. भिंगरी पाणी प्याली, भाकरीला तिनं तोंड लावलं नाही. पूजा आज नुसत्या पाण्यानंच केली.

गुंडप्पा असता तर त्यानं हे घर पसंत केलं असतं असं मला वाटत नाही. त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्यापाशी नाहीत. एकाचं आहे.

जनावरांचा दवाखाना चार वाजता उघडतो. भिंगरीला सुई टोचून आणायचीय.