चौथं शील

आमच्या बदनापुरात खोटं बोलायला कचरणारी एकच बाई मला माहीत आहे, माझी शेजारीण सत्यशीलाबाई. निवृत्त शिक्षिका, इंग्रजी पक्कं. नापास पोराच्या बापालाही तोंडावर नापास म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा सुमित अपघातात गेला. नवऱ्याची, सर्जेरावांची, स्मरणशक्ती त्याआधीच विरत चालली होती. ते रोज विचारायचे, "सुमित आल्ता का?" पहिले तीन दिवस बाईंनी खरं सांगितलं. दर वेळी म्हाताऱ्याने नव्याने ऊर बडवून घेतला. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "येऊन जेवून गेला. तुम्हाला डुलकी लागल्ती."

तेव्हापासून दुपारी बाहेरच्या खोलीत सुमितचं ताट वाढायचं, शेजारी निळा पेला ठेवायचा, मग आत लॅपटॉपवर काम करायचं. तीन वाजता ताट रिकामं असायचं. नवराच विसरून दोनदा जेवतो, असं बाई धरून चालल्या. संध्याकाळच्या बुद्धवंदनेत मात्र पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, त्या गिळून टाकायच्या. मी शेजारीच बसलेली असायचे. ते गाळलेलं मला कळायचं.

लॅपटॉपवरचं काम अजब होतं, कुठल्याशा परदेशी कंपनीचं. नीतीचा एक प्रश्न, त्यावर तिकडच्याच दोघांची उलटसुलट उत्तरं, आणि बाईंनी तिसरं मत देऊन निकाल लावायचा. "ह्यांचं जन्मात जुळायचं न्हाई," त्या म्हणायच्या. "एक हक्क मोजून राह्यलाय, दुसरा सुखदुःख. एकाच्या हातात तराजू, दुसऱ्याच्या हातात टेप. मंग भांडण मिटंल कसं?"

एका मंगळवारी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर प्रश्न होता: एक म्हातारी विसरभोळ्या नवऱ्याला सांगते की मेलेला मुलगा जिवंत आहे. रोज ताट वाढते, शेजारी निळा पेला ठेवते. बरोबर की चूक? पहिल्याचं म्हणणं, खरं कळणं हा माणसाचा हक्क, आजारी म्हणून तो काढून घेता येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, ज्या सत्याने रोज नवं सुतक येतं, ते सांगणं क्रूरपणा.

"पेला निळा हाये, हे कुनी सांगितलं ह्यांला?" बाईंनी विचारलं. बाईंनी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि 'चूक' दाबलं.

त्या संध्याकाळी त्यांनी पाचही शीलं मोठ्याने म्हटली.

"आज पाच झाले," सर्जेराव म्हणाले. "रोज चारच असतेत." मग नेहमीचा प्रश्न आला.

"न्हाई आला," बाई म्हणाल्या. "सुमित गेला हो. तीन वर्षं झाली. मी खोटं बोलून राह्यलते."

म्हातारा रडला नाही. बायकोच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आधी इसरून जायचो. आता म्हाईत हाये मला, त्यो गेलाय ते. पर दुपारी येतो. जेवतो. म्हन्ला, आईला सांगू नका, तिला सोसायचं न्हाई. म्हणून बोललो न्हाई मी. तुला बी दिसून राह्यलाय का, म्हणून रोज विचारत व्हतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी लॅपटॉप उघडला नाही. ताट वाढलं, पेला भरला आणि दाराकडे तोंड करून तिथेच बसून राहिल्या.