मडगार्ड काढलेली गाडी

आज आमच्या टीमच्या गाड्या पार नाशिक-पुण्यापर्यंत शर्यतीला जातात, अन् लोक विचारतात, "बाई, वसमतमधी रेसिंग टीम काढायचं खूळ कुठून शिरलं डोक्यात?" खूळच ते! मी आमचं स्पेअर पार्टचं दुकान चालवायची. सेनगावकडची एक पोरगी मेंढरांमागं बापाची जुनी मोटरसायकल अशी काही दामटायची, की बघूनच ठरवलं, टीम काढायची अन् मॅनेजर मीच.

तिचा बाप मात्र लई कडक माणूस. एकच गोष्ट बोलला, "ताई, एक रेस बघतो. पोरगी पडली की गाडी बंद. परत नाव काढायचं न्हाई." टीममधी दुसरं चालवणारं होतंच कोण? ती पडली की टीमबी संपली.

शर्यत कळमनुरीच्या पुढं, काळ्या रानात होती. रोजच्या वापरातल्या गाड्यांचा गट. धूळ उडू नये म्हणून टँकरवाल्यानं पाणी मारलं, ते असं मारलं, की जसा काही तिथं ऊसच लावायचाय! माझं डोकंच सणकलं. त्याला चार शिव्या हासडल्या, पाना घेतला अन् आमच्या गाडीचं पुढचं मडगार्ड काढून टाकलं. आमच्याकडं पावसाळ्यात शेतात जाणारे हेच करतात, न्हाई तर मातीचा गोळा अडकून चाक जाम होतं. चालतं का, ते पंचांना विचारून घेतलं होतं. शहरातून आलेला एक मॅनेजर हसला, "मावशी, गाडी भंगारात काढली काय?" म्हटलं, "हस लेका, हस."

दुसऱ्या फेरीतच एकेकाची चाकं अडकायला लागली. आमची पोरगी चिखलाचा मारा तोंडावर झेलत सुसाट सुटली होती. शेवटच्या वळणावर मागचं चाक घसरलं, गाडी पार आडवी व्हायला आली. बाप ओरडला, "गेली!" पण पोरीनं पाय रोवला, गाडी सावरली अन् पहिली आली! मी भर मैदानात लेकरागत रडले. लाज कशाची त्यात?

तेवढ्यात बाप तरातरा येताना दिसला. वाटलं, झालं, आता हात धरून पोरीला घरी नेतो. त्यानं धरलं ते गाडीचं हँडल. आमचा मेकॅनिक गाडी ढकलायला पुढं झाला, तर त्याच्यावरच खेकसला, "सरक बाजूला! माझ्या पोरीची गाडी हाय. पुढच्या रेसला बी मीच घेऊन येणार."