फॉर्मिकेशन म्हणजे मुंग्या

टायपिस्टकाकांना हवापाण्याच्या गप्पा जमायच्या नाहीत. ते एकदम शब्दच विचारायचे. लीड्सला त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी किल्ली हातात ठेवत ते म्हणाले, "फॉर्मिकेशन म्हणजे काय, सांग पाहू." मला 'फॉर्निकेशन', म्हणजे व्यभिचार, असं ऐकू आलं आणि मी दचकलोच. "अरे, न नाही, म! नीट ऐक."

तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात डॉक्टरांची पत्रं टाइप केली होती. अडलेला शब्द मुळापर्यंत शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "फॉर्मिका म्हणजे लॅटिनमध्ये मुंगी. अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, ते फॉर्मिकेशन. इंग्रजाला पिन्स अँड नीडल्स टोचतात. त्या रोमन माणसाला मात्र मुंग्याच यायच्या बघ, अगदी माझ्या आईला यायच्या तशा!" लांबचं कुणी नातेवाईक अवचित भेटावं, तसा चेहरा व्हायचा त्यांचा.

खरे नातेवाईक फारसे उरले नव्हते. काकू गेल्या होत्या. मुलगा तिकडे लंडनजवळ रीडिंग गावात, रविवारी पाच मिनिटं इंग्रजीत फोन करायचा. काका "फाइन, फाइन" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभे राहायचे.

एका सकाळी मी बूट घालत होतो. ते जिन्यापाशी येऊन म्हणाले, "अरे, आज उजव्या हाताला फॉर्मिकेशन आहे."

मला वाटलं, नेहमीचा धडा. "संध्याकाळी बोलू काका, ट्रेन चुकेल," म्हणालो आणि निघालो.

दुपारी शेजारणीचा फोन आला. काका किचनमध्ये पडले होते. स्ट्रोक.

वॉर्डात पोचलो तेव्हा त्यांची इंग्रजी साफ गेली होती. तुटक मराठी तेवढी उरली होती. "मुंग्या... मुंग्या..." नर्सला मी "अँट्स" म्हणून सांगितलं, तर ती बिचारी चादर झटकून बघू लागली. मग तिला समजावून सांगितलं. सकाळचं मात्र सांगितलं नाही. आजवर कुणालाच नाही.

रात्र व्हायच्या आत मुलगा आला. कोटही न काढता पलंगाशी उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे बघत काहीतरी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा काय बोलते?"

"जेवलास का, विचारतायत."

तो ऑफिसमधून उठून थेट आला होता. खुर्ची ओढून बसला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "हो बाबा. मी जेवला."

काकांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ते गेले. तोवर बापलेक त्या एवढ्याशा मराठीत बोलत राहिले, आणि मी बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिलो.