देवळावरून गेलेली होडी

धरणाची खोली मोजायचं यंत्र माझ्या होडीला बसवायला एक सरकारी मेकॅनिक सारखा यायचा. त्याला होडीच्या तळाला भोक पाडायचं होतं. मी दर खेपेला सांगायचो, "माझ्या होडीला गिरमिट लागायचं न्हाई." तो चिडायचा नाही. मान हलवून एवढंच म्हणायचा, "बघू की, आबा."

शेवटी त्यानं यंत्राचं तोंड फळीला बांधून कडेनं पाण्यात सोडलं. मधोमध गेल्यावर काटा एकदम कमी खोली दावू लागला.

"खाली काय हाय, आबा?"

"आमचं बुडालेलं गाव. हा मारुतीच्या देवळाचा कळस."

त्यानं पायातल्या चपला काढल्या. काठ येईस्तोवर अनवाणीच बसला.

काठावर मीच होडी पालथी केली आणि म्हणालो, "पाड भोक."