सबाइनाचा लाल परकर

सबाइना कनीली डब्लिनमध्ये आमच्या नाटक मंडळीच्या हॉलची फरशी पुसायची. तिच्या अंगावर बारा महिने जाड लोकरीचा लाल परकर असायचा, पश्चिमेकडच्या समुद्रकाठच्या बायका घालतात तसला. आमच्या नट्या त्याच्याकडे बघून नाक मुरडायच्या. मंडळीचे कपडे मी शिवत असे, म्हणून एकदा तिला एक बरासा करडा परकर द्यायला गेले.

"नको पोरी," ती म्हणाली. "लाल असतो नवरा असलेल्या बाईचा आणि काळा असतो विधवेचा. मी अजून विधवा नाही."

मग नवरा कुठे असतो, असं मी विचारलं. तिनं बादली उचलली आणि शेजारच्या खोलीत निघून गेली. मला रागच आला. साधं विचारलं तर एवढं काय?

हळूहळू कळलं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा कोलमन बांगडे मासे धरायला होडी घेऊन गेला, तो आलाच नाही. काठाला लागलं ते फक्त एक वल्हं. सबाइना त्या गावची विलाप उचलणारी बाई. कुणीही गेलं की तिला बोलावणं यायचं. ती प्रेताच्या उशाशी बसायची, मेलेल्याचं नाव बापासकट आणि आजासकट घ्यायची आणि पहिली आरोळी द्यायची. मग बाकीच्या बायका सूर धरायच्या. पण प्रेतच नाही तर विलाप कशावर करायचा? आणि विलाप झाल्याशिवाय त्यांच्यात मेलेला माणूस पुरता मरत नाही. शिवाय बायकोची जागा उशाशी नसते, कुशीला असते. उशाशी दुसरीनं बसायचं. ही असताना दुसरी कोण बसणार? म्हणून तसंच राहिलं. हे सगळं तिनं मला फडकं पिळता पिळता सांगितलं, बटाटे शिजले म्हणून सांगावं तसं. चार वर्षांत ती रडली नव्हती. रडू येत नाही म्हणाली.

त्याच सुमाराला आमचे कवी डेव्हरेल यांनी नवं पद्यनाटक लिहिलं. एका राजाला कपटानं मारतात. सुरुवातीला दोन बायका काळं कापड उलगडतात, राजावर पांघरतात, 'इथे कोण निजलंय?' असं तीनदा विचारतात, तीनदा उत्तर मिळतं आणि विलाप सुरू होतो. रंगभूमी म्हणजे देऊळ, असं साहेब उठता-बसता सांगायचे. जन्मात कधी कुणाच्या प्रेतापाशी रात्र काढली नसेल, पण विधींचं वेड भारी. सबाइनाची कला त्यांच्या कानावर गेली आणि बाईला ओल्या हातांनिशी रंगमंचावर उभं केलं.

दोन स्टुलांवर फळी ठेवली होती आणि फळीवर नुसतं कापड. राजा आहे अशी कल्पना करा, साहेब म्हणाले. सबाइनानं कापडाचं टोक उचलून खाली बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, खाली काहीतरी ठेव. मी दोन जुने पडदे गुंडाळून माणसाएवढी वळकटी केली, एक लोड उशाशी लावला. मग तिनं आरोळी दिली. माझ्या हातातली टाचणी खाली पडली. तिच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं, खिडकीची काच पुसताना असतो तसाच चेहरा. संयम बघा, संयम, असं म्हणत साहेब बेहद्द खूश. तो संयम नव्हता. आत काही उरलंच नव्हतं, पण हे कवीला कोण सांगणार?

डब्लिनमध्ये प्रयोग बरे झाले. मग साहेबांच्या डोक्यात आलं की नाटक त्याच्या उगमाशी न्यायचं. उगम म्हणजे सबाइनाचंच गाव. मी तिला म्हटलं, नको असेल तर सांग, तू आजारी आहेस असं मी साहेबांना कळवते.

"जाऊ की," ती म्हणाली. "मला कुठेही सारखंच आहे."

रविवारी दुपारी, प्रार्थना आटोपल्यावर, गावच्या शाळेत प्रयोग लावला. तिथे रंगमंच नव्हता, म्हणून फळी बाकांच्या मधोमध मांडली. गावकरी आत आले. पहिल्याच म्हातारीनं फळीवरची वळकटी पाहिली, गुडघे टेकले, छातीवर क्रूस काढला, मग जागेवर गेली. तिच्यामागून एकेक जण तसंच करू लागला. पुरुषांनी टोप्या काढल्या. साहेबांना वाटलं, नाटकाची जादू. मला दिसत होतं, ही माणसं प्रेताच्या पाया पडत होती.

सबाइना आणि आमची मुख्य नटी नोरीन यांनी कापड उलगडून पांघरलं. सबाइना उशाशी बसली. तिनं पहिला प्रश्न टाकला, "इथे कोण निजलंय?" नोरीननं राजाची बिरुदं म्हटली. दुसऱ्यांदा विचारलं, नोरीननं पुढच्या ओळी म्हटल्या. तिसऱ्यांदा सबाइनानं विचारलं आणि नोरीननं तोंड उघडायच्या आत बाकावरून आवाज आला.

"कोलमन. फेस्टीचा मुलगा, मायकेलचा नातू."

ती कोलमनची आई होती, बार्बरा. काठी टेकत ती फळीपाशी आली आणि सबाइनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऊठ. तुझी जागा इथे नाही."

सबाइना उठली आणि वळसा घालून कुशीला जाऊन बसली. म्हातारी उशाशी बसली आणि तिनं आपल्या मुलाचा विलाप उचलला. आवाज फाटका, दम अपुरा. गावातल्या सगळ्या बायका बाकांवरून उठून आल्या आणि त्यांनी सूर धरला. नोरीन भिंतीला चिकटली. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, या लोकांना खाली बसायला सांगा, अजून तीन प्रवेश आहेत.

"तुम्हीच बसा, साहेब," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सबाइना रडली का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. नाही रडली. तिनं कापडाखाली हात घातला आणि पडद्याचं टोक धरून ठेवलं. बायका थकेपर्यंत तिनं हात काढला नाही. नंतर ती वळकटी बार्बरा घेऊन गेली. तिचं काय केलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबाइना आमच्या बिऱ्हाडी आली. आपण आता डब्लिनला येणार नाही म्हणाली आणि ते काळं कापड मागितलं. या कापडाशिवाय नाटक उघडणार कसं, म्हणून साहेबांनी घर डोक्यावर घेतलं. मी कात्री घेतली आणि त्यांच्या देखत कापडाचे दोन तुकडे केले. दुपारपर्यंत परकर शिवून झाला. माप घेतलं नाही, तिच्या लाल परकराच्या अंदाजानंच शिवला.

तिनं कमरेशी दुमडून खोचलेला लाल परकर उतरवून घडी घातली आणि काळा नेसला. नाडी आवळली, पुन्हा आवळली, तरी तो कमरेवरून खाली घसरत होता.

"चार वर्षांपूर्वी शिवला असतास," ती म्हणाली, "तर बरोबर बसला असता."