बाबांनी शिकवलेली गाठ

गाडीचं वायरिंग बघावं तर ताईनेच, असं सगळी गिऱ्हाइकं म्हणत. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची. तोंडाने फटकळ, पण हाताला यश. वडिलांनी ही विद्या दिली ती दोघांनाच, तिला आणि तिच्या धाकट्या भावाला. भावाने मात्र पाने-पकडी सोडून जुन्या गाड्यांची दलाली धरली.

आईला तपासणीला न्यायला म्हणून ताईने त्याच्याकडूनच डिझेल गाडी घेतली. "एकाच मालकाने वापरलेली आहे. वायरिंगला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. सख्ख्या भावाची गाडी काय तपासायची? तिने बॉनेटही उघडलं नाही.

तीच गाडी आज रेल्वे फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. मागे आई बसलेली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ढकलली म्हणून निभावलं. गॅरेजात पोचताच ताईने गाडीला स्कॅनर जोडला.

पडद्यावर तीन सेन्सरांचे दोष एकदम उमटले. हवेचा, डिझेलच्या दाबाचा आणि तापमानाचा.

"तिन्ही बदलून टाक," शेजारचा मेकॅनिक म्हणाला.

"तुझे तीन दात एकदम दुखले तर तिन्ही उपटशील, का आधी हिरडी बघशील?"

तिने एकेक सेन्सर तपासला. तिन्ही धडधाकट. म्हणजे घोळ तिघांच्या सामाईक तारेत. माग काढत ती बॅटरीखाली पोचली आणि तिथली टेप सोडवली. आत वाळलेला गाळ, तो न पुसताच मारलेला जोड हिरवा पडून कुजलेला. गाडी कधीतरी पाण्यात बुडाली होती. अशा गाड्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या.

मग तिला गाठ दिसली. तारेची टोकं एकमेकांत अडकवून आधी गाठ, वर मेणाचा दोरा. असा जोड फक्त बाबा मारायचे. ते गेल्यावर उरले दोघेच, आणि तिने या गाडीच्या वायरिंगला आजच हात लावला होता. फाटकात गाडी बंद पडली एवढंच फोनवर सांगून तिने भावाला बोलावून घेतलं.

भाऊ धावतपळत आला. आई बाकावर चहा पीत होती, ते पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. ताईने कापून काढलेला जोड त्याच्या तळहातावर ठेवला.

"आईला बसवायला बुडालेली गाडी दिलीस?" तिने विचारलं.

तो गाठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"दुसऱ्या कुणाला दिलीच नसती, ताई," तो म्हणाला. "म्हटलं, बिघडली तर तू शोधून काढशीलच."