बिदियाच्या वाळूत बाबा

बाबा मस्कतला आमच्याकडे महिनाभर राहायला आले होते. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना वाळवंटात न्यायचं ठरवलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. आम्ही राहतो त्या अल् खुवैर भागात पायी जाण्यासारखं फारसं काही नाही. मी ऑफिसला, बायको तिच्या नोकरीवर, आणि बाबा बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायचे. मुलगी तेव्हा सात वर्षांची. शाळेत दिवसभर इंग्रजी, त्यामुळे तिचं मराठी अडखळायचं. आजोबा आणि नातीचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ याच्या पुढे सरकत नव्हतं.

बाबा बत्तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. एक दिवस घाट चढायचा, दुसऱ्या दिवशी उतरायचा. ऑफिसात कोणी विचारलं तर मी सांगायचो, वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते. ते खोटं नव्हतं, पण मी तसं का सांगतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही वाळवंटाच्या तोंडाशी, बिदिया गावाला पोचलो. आमची गाडी पेट्रोल पंपाजवळ ठेवून सफारीच्या मोठ्या जीपमध्ये बसलो. जीपचा ड्रायव्हर तिथलाच, वाळवंटात वाढलेला बदू होता, पन्नाशीचा, पायघोळ पांढऱ्या दिशदाशा झग्यातला. हिंदी मोडकी, पण बोलायला कचरत नव्हता. बाबांचं वय बघून त्याने त्यांना पुढे आपल्याशेजारी बसवलं. मागे आम्ही तिघं.

वाळू सुरू झाली तिथे तो उतरला आणि चारही टायरांतली हवा सोडायला लागला. बाबा लगेच खाली. चांगल्या टायरची हवा कोणी सोडतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरने आपला पंजा वाळूवर फाकवून ठेवला आणि म्हणाला, “उंट का पाँव.” बाबांनी वाकून टायर पाहिला. तो जमिनीवर पसरला होता. ते एवढंच म्हणाले, “बरोबर आहे.” आणि परत जागेवर येऊन बसले.

मग तो टेकड्यांत घुसला. पहिल्याच चढाला समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं, आणि माथ्यावरून गाडी एकदम नाकावर खाली गेली. बायकोने डोळे मिटून घेतले. मुलगी रडायला लागली. तिला उतरायचं होतं, घरी जायचं होतं. मी तिला जवळ घेतलं, पण घाबरलेला माणूस घाबरलेल्याला काय धीर देणार? ड्रायव्हरला थांबायला सांगावं या बेतात मी होतो, तेवढ्यात बाबा मागे न वळता बोलायला लागले.

“त्याच्या पायाकडे बघ. आता चढ आहे ना, तो जोर लावणार. वर पोचला की पाय उचलणार. मग गाडी जरा थांबल्यासारखी होईल. बघ.”

झालं तसंच.

“आता उतार. मघासारखाच सरळ घेणार, तिरका नाही. ब्रेकला पायही लावणार नाही तो. गाडी आपली आपण उतरेल.”

तेही तसंच झालं. मुलीचं रडणं हुंदक्यांवर आलं. तिसऱ्या टेकडीला ती दोन सीटांच्या मधून पुढे डोकावत होती. “आजोबा, आता तो पाय उचलेल?” बाबा म्हणाले, “अजून नाही. थांब. आता.” पाचव्या टेकडीपर्यंत ती बाबांच्या आधी सांगायला लागली. चुकली की बाबा का चुकली ते समजावून सांगत. क्लच, दुसरा गिअर, चढाची धार, इंजिनचा आवाज. मी ते ऐकत होतो. मला त्यांनी असं कधी शिकवलं नव्हतं. की मीच कधी विचारलं नव्हतं, कोण जाणे.

ड्रायव्हरला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं असावं. दोन टेकड्यांमधल्या सपाट जागी त्याने गाडी थांबवली आणि बाबांना हिंदीत विचारलं, तुम्ही ड्रायव्हर का? बाबांनी मान हलवली. तो उतरला, वळसा घालून आला आणि बाबांच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

“यल्ला, उस्ताद. आप चलाओ.”

बाबा नको नको म्हणाले. इथलं लायसन नाही, स्टिअरिंग भलत्या बाजूला, चार वर्षं झाली गाडी हातात नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे परवानगी मागताहेत हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. मी म्हणालो, चालवा ना बाबा.

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. डावा हात गिअर शोधत दारावर आपटला, तेव्हा ते स्वतःच हसले. गाडी एकदा बंद पडली. मग निघाली आणि जेमतेम अर्धा किलोमीटर गेली, सावकाश, सरळ. मागून मुलगी सूचना देत होती. बाबा तिला प्रत्येक वेळी “बरं” म्हणत होते.

सूर्य मावळल्यावर कॅम्पात पोचलो. गालिचे अंथरले होते. खजूर आणि कहवा झाला. मग मोठ्या ताटात भात आणि मटण आलं. आमच्या गालिच्यावर दुसरं एक मराठी कुटुंब होतं, पुण्याकडचं. त्या गृहस्थांनी बाबा काय करायचे म्हणून चौकशी केली, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “ट्रान्सपोर्टमध्ये होते.”

बाबा भात कालवत होते. “ड्रायव्हर होतो, एसटीवर, घाटात,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, राग न ठेवता, “त्यात सांगायला अवघड काय आहे?”

मुलीने त्या काकांना सांगून टाकलं की आजोबांनी आज जीप चालवली. तेवढ्यात आमचा ड्रायव्हरही येऊन बाबांशेजारी मांडी घालून बसला. त्या गृहस्थांना कुतूहल वाटलं. घाटात कधी भीती नाही वाटली का, असं त्यांनी विचारलं.

बाबांनी घाटातल्या एका धुक्याची गोष्ट सांगितली. पुढचं काही दिसेना, मागे गाडीभर माणसं. शेवटी कंडक्टर खाली उतरला आणि बॅटरी घेऊन गाडीपुढे चालत राहिला. ते त्याच्या मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये, अख्खा घाट. हे घरी आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मी ते वाक्यावाक्याला हिंदी करून ड्रायव्हरला सांगत होतो, आणि हातातला घास तसाच ठेवून तो ऐकत होता. सांगताना मी म्हणत होतो, मेरे वालिद ड्रायव्हर थे, और उस दिन धुंद था.

“मग?” मुलीने विचारलं.

“मग काय. खाली पोचलो, गाडी डेपोत लावली, आणि दोघांनी चहा घेतला.”